सर्पविष, औषध आणि विजेचा सौम्य झटका

बुलढाणा जिल्ह्यात खरिपातील सोयाबीन-कपाशीची निंदणी असो वा रब्बीत हरभऱ्याला रात्री पाणी देणे असो, शेतकऱ्याला सर्पदंशाचा धोका असतोच. नाग आणि मण्यार या दोघांच्याही विषाने पापण्या मिटू लागतात, गिळणे कठीण होते आणि अखेर श्वसनाचे स्नायू थकतात. बाहेरून सारखा दिसणारा हा लकवा औषधाला मात्र सारखा प्रतिसाद देत नाही.

मज्जातंतू स्नायूला संदेश देतो तो ॲसिटिलकोलिन या रसायनाद्वारे. नागाचे विष स्नायूवरील ग्राही अडवते. मण्यारच्या विषाचा एक प्रमुख घटक मज्जातंतूच्या टोकांनाच इजा करतो. निओस्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलिनचे विघटन रोखते. नागदंशात त्यामुळे साठलेले रसायन अडलेल्या ग्राहींवर काही अंशी मात करते. मण्यारदंशात रसायनच पुरेसे सुटत नसल्याने या औषधाचा सहसा उपयोग होत नाही.

हा अडथळा विजेच्या साह्याने मोजता येतो. मनगटाजवळील मज्जातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सौम्य झटके देऊन अंगठ्याची हालचाल पाहतात. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या क्युरारेसदृश औषधांनी ग्राही अडले असल्यास चौथे आकुंचन पहिल्यापेक्षा दुबळे होते. दहा सेकंदांच्या अंतराने एकेक झटका दिल्यास हीच उणीव लपून राहू शकते. उलट, सेकंदाला ५० या वेगाने काही सेकंद झटके दिल्यास ॲसिटिलकोलिन अधिक सुटते आणि त्यानंतरचे आकुंचन काही काळ जोमदार होते. म्हणजेच औषधाचा परिणाम किती दिसेल, हे उत्तेजनाच्या वेगावरही ठरते.

या ज्ञानाचा पाया १९व्या शतकात क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने घातला. क्युरारे दिलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला झटका दिल्यास स्नायू हलत नसे. थेट स्नायूला दिल्यास हलत असे.

मात्र वीज हे तपासणीचे साधन आहे, विषावरील उपाय नव्हे. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सर्पदंशावर उच्च दाबाच्या झटक्याचा उपाय सुचविण्यात आला होता, प्राण्यांवरील पुढील प्रयोगांत त्याचा लाभ आढळला नाही.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. वेदना वा सूज नसतेच म्हटले तरी चालेल. म्हणून पहाटे पोटदुखी किंवा जड पापण्या जाणवल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रतिविष आणि गरजेप्रमाणे कृत्रिम श्वसन हेच मुख्य उपचार होत. निओस्टिग्मिन त्यांना पूरक आहे, पर्याय नाही.