रेडिएटसचं रेडिएटा झालं तेव्हा

परभणीत कृषी महाविद्यालय आलं १९५६ साली आणि कृषी विद्यापीठ १९७२ साली. तेव्हापासून मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची पोरं प्रात्यक्षिकाच्या वहीत मुगापुढे विग्ना रेडिएटा, करडईपुढे कार्थॅमस टिंक्टोरियस, हरभऱ्यापुढे सायसर ॲरिएटिनम असं लिहीत आली. बहुतेकांनी ते घोकून पाठ केलं. याचं मला वाईट वाटतं, कारण या नावांमागचं व्याकरण त्यांना घरूनच येत होतं.

काळा बैल, काळी गाय, काळं वासरू. लॅटिनमध्येही अशीच तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: नायजर, नायग्रा, नायग्रम. इंग्रजांना हे मुद्दाम शिकावं लागतं. मूगच घ्या. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटॅरम’ या ग्रंथात त्याला फॅसिओलस रेडिएटस म्हटलं. नाम पुल्लिंगी, म्हणून रेडिएटस. १९५४ साली मूग विग्ना या प्रजातीत गेला. विग्ना स्त्रीलिंगी, त्यामुळे रेडिएटसचं रेडिएटा झालं.

चिंच मात्र चकवते. टॅमरिंडस हे नाम दिसायला पुल्लिंगी, पण पुढे विशेषण येतं ते इंडिका. जुन्या लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी धरत, त्याचा हा वारसा. पिंपळाचं फायकस रिलिजिओसा त्याच चालीचं.

ही दोन शब्दी नावं रुळली ती लिनियसमुळे. त्याआधी वनस्पतीचं नाव म्हणजे पानं अशी, खोड तसं, असं लांबलचक वर्णनच असे. त्यात ‘फोलियम’ म्हणजे पान, याचं ‘फोलिइस’ होई, म्हणजे पानांनी. ही आपली तृतीयाच, फक्त लॅटिनमध्ये पंचमीचं कामही तीच विभक्ती करते. लिनियसने वर्णन ठेवलंच, पण सोयीसाठी समासाच्या कोऱ्या जागेत एक सुटसुटीत शब्द लिहिला. पुढे तोच टिकला.

लिनियसच्या हाताशी जे ग्रंथ होते, त्यांत मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ होता. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने तो सिद्ध केला, आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड लॅटिनमध्ये छापले गेले. माहिती पुरवणाऱ्यांत मलबारी वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अपुभट हे तीन कोकणी वैद्यही. या तिघांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेलं आहे. लॅटिन वनस्पतीशास्त्राच्या पायात आपल्या माणसांचे दगड आहेत, ते असे.

नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं, हा नियम १९३५ पासून होता. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. नावाला मात्र अजून लॅटिनचंच व्याकरण लागतं.

म्हणून अध्यापकांना विनंती आहे: नावांची यादी फळ्यावर लिहिण्याआधी एक तास या तीन लिंगांना द्या, आणि तो मराठीतून घ्या.