मोजणी कोणी करायची? भायखळ्याच्या पदपथांवरून उभे राहिलेले लोककार्य

शहरातील एखाद्या मोडकळीस आलेल्या वस्तीचा कायापालट करायचा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नकाशे, निविदा आणि उंच इमारती येतात. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे ती माणसे त्या चित्रात बहुधा सर्वांत शेवटी येतात आणि तीही केवळ 'लाभार्थी' म्हणून. हा क्रम उलटा करून पाहण्याचा एक दीर्घ प्रयोग १९८० च्या दशकात मुंबईतील भायखळ्याच्या पदपथांवर सुरू झाला. 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था, 'महिला मिलन' ही पदपथावरील स्त्रियांची संघटना आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ यांनी मिळून केलेल्या या कार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. वस्तीपातळीवर समाजकार्य करणाऱ्या वाचकांना त्यातून काही घेण्यासारखे निश्चितच आढळेल.

पार्श्वभूमी

नागपाडा व भायखळा हा परिसर मुंबईतील समाजकार्याचे एक जुने माहेरघर होय. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात येथे 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केले. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचा आरंभ याच वास्तूत झाला आणि डॉ. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज 'टाटा सामाजिक विज्ञान संस्था' या नावाने सर्वांना ज्ञात असलेली संस्था ती हीच.

त्याच परिसरातील रस्त्यांच्या कडेला, भिंतींच्या आधाराने, बांबू, गोणपाट व प्लॅस्टिकच्या आडोशाने हजारो कुटुंबे राहत होती. हमाली, हातगाडी, फेरीचा धंदा, घरकाम अशी कामे करून ती पोट भरत. पाणी दुसऱ्याच्या नळावरून मागून आणावे लागे. महापालिकेची गाडी आली की भांडीकुंडी उचलून पळायचे आणि ती गेली की पुन्हा त्याच जागी आडोसा उभारायचा, असा त्यांचा जीवनक्रम होता. १९७६ साली राज्य शासनाने झोपडपट्ट्यांची गणना करून रहिवाशांना ओळखपत्रे दिली, तेव्हा पदपथावरील माणसे त्या गणनेबाहेरच राहिली. ती वर्षानुवर्षे शहरात राहत असूनही शहराच्या दप्तरात नव्हती.

जुलै १९८१ मध्ये पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे तत्त्व मांडले. ते पुढे देशभर आधारभूत ठरले. परंतु पदपथावर वस्ती करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्यांना हात लावू नये, एवढी मुदत मिळाली. ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र होते त्यांना पर्यायी जागा मिळावी, असेही निकालात म्हटले होते. साहजिकच, ज्यांची गणनाच झाली नव्हती त्यांच्या पदरी काय पडणार, हा प्रश्न उरला.

१९८५ ची मोजणी

शीला पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये स्पार्कची स्थापना केली होती. 'सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ एरिया रिसोर्स सेंटर्स' हे तिचे पूर्ण नाव. भायखळ्यातील एका महापालिका दवाखान्याच्या आवारातील गॅरेजमध्ये संस्थेचे केंद्र सुरू झाले. आधी योजना आखून मग लोकांना बोलावणे, ही रूढ रीत संस्थेने मुद्दाम टाळली. पदपथावरील स्त्रियांना बसून बोलण्यासाठी एक हक्काची जागा देणे आणि त्यांचे म्हणणे ऐकणे, एवढेच आरंभीचे काम होते.

न्यायालयाच्या निकालानंतर या स्त्रियांसमोर एकच प्रश्न होता, 'पावसाळ्यानंतर आमचे काय?' उत्तर शोधण्यासाठी स्पार्कने पदपथवासीयांच्या साह्याने मोजणी हाती घेतली. महापालिकेच्या 'ई' विभागातील पदपथांवर व काही मुख्य रस्त्यांवर सुमारे ६००० कुटुंबांची, म्हणजे सुमारे २७००० माणसांची नोंद झाली. तिचा अहवाल 'वुई, द इनव्हिजिबल' (आम्ही अदृश्य माणसे) या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

पदपथवासी म्हणजे कालपरवा आलेले उपरे, हा समज या अहवालाने खोटा ठरविला. अनेक कुटुंबे कित्येक वर्षांपासून त्याच रस्त्यावर होती. पदपथावर जन्मलेल्यांची मुलेही तेथेच वाढत होती. देशाच्या अतिशय दरिद्री भागांतून ही माणसे आली होती. कामाच्या ठिकाणी पायी जाता यावे, म्हणूनच त्यांनी पदपथ पत्करला होता.

माहितीपेक्षाही महत्त्वाची ठरली ती मोजणीची रीत. सरकारी मोजणीत घरावर क्रमांक पडतो आणि कागद कचेरीत जातो. येथे मात्र आकडे वस्तीत परत आले आणि लोकांनी ते वाचून घेतले, दुरुस्त केले, त्यांवर चर्चा केली. 'तुम्ही किती जण आहात?' असे अधिकाऱ्याने विचारताच उत्तर देण्यासाठी आता त्यांच्या हाती स्वतःचे दप्तर होते. ज्याच्या हाती मोजणी असते त्याच्याच हाती पुढील बोलणी असतात, हे सूत्र या कार्याला येथेच गवसले.

तीन संघटना, तीन भूमिका

१९८६ मध्ये या स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना आकारास आली. याच सुमारास स्पार्कची गाठ झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघाशी पडली. सत्तरच्या दशकात स्थापन झालेल्या या महासंघाचे प्रमुख जोकिन अर्पुथम हे मूळचे कर्नाटकातील कोलार सुवर्णखाणींच्या भागातले. तरुणपणी ते मुंबईत आले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहू लागले. अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीसाठी ती वस्ती हटविण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी प्रदीर्घ लढा दिला. अखेर १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनी पाडण्यात आली आणि रहिवाशांना चिता कॅम्प येथे हलविण्यात आले. केवळ मोर्चे काढून घर वाचत नाही, शासनापुढे ठेवण्यासाठी आपल्याजवळ पर्यायही हवा, असा धडा अर्पुथम यांनी त्या पराभवातून घेतला. २००० साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

या तिघांतील श्रमविभागणी ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांना संघटित करणे हे महासंघाचे काम. बचत व वस्तीतील व्यवहार महिला मिलनकडे. निधी, हिशेब, कागदपत्रे आणि शासनाशी व बँकांशी पत्रव्यवहार या गोष्टी स्पार्ककडे. शिकलेल्या माणसांनी पुढारीपण घ्यायचे नाही, पुढारीपण ज्यांच्याकडे आहे त्यांच्या पाठीशी उभे राहायचे, ही शिस्त त्यामागे होती.

रोजची बचत

महिला मिलनचा पाया म्हणजे रोजची बचत. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला महिन्याचा हप्ता परवडत नाही, परंतु रुपया-दोन रुपये रोज बाजूला टाकता येतात. म्हणून वस्तीतीलच एक बाई दररोज दारोदार जाऊन पैसे गोळा करी. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी हिशेबासाठी रंगीत कागदाच्या तुकड्यांची खूण वापरली. आजारपण, धंद्यातील भांडवल, सावकाराचे देणे अशा प्रसंगी या निधीतून कर्ज मिळे.

या बचतीतून जमलेली रक्कम लहानच असे, परंतु रोज प्रत्येक दाराशी गेल्यामुळे कोणाचा नवरा दारू पितो, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, कोणाला पोलिसांनी नेले आहे, हे त्या बाईला कळत असे. ही रोजची ये-जा हाच संघटनेचा खरा आधार होता. एरवी सभेला न येणारी बाईही रोज दाराशी येणाऱ्या बाईशी बोलत असे.

घराचा आराखडा कोणाचा?

आपले घर कसे असावे, याचा विचार या स्त्रियांनी घर मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू केला. त्यांनी शहरातील मोकळ्या जागा हिंडून पाहिल्या, विटा व सिमेंटचे भाव विचारले, साडीच्या लांबीने खोलीचे माप घेतले. १८० चौरस फुटांची, चौदा फूट उंचीची आणि पोटमाळा असलेली खोली, असा आराखडा त्यांतून निघाला. जागा लहान असली तरी उंची वाढविल्यास पोटमाळ्यावर मुलांना झोपता येते, हे शहाणपण झोपडीतल्या अनुभवाचे होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पूर्ण आकाराची नमुना घरे उभारून प्रदर्शन भरविले आणि अधिकाऱ्यांनाही ते पाहण्यास बोलाविले.

प्रत्यक्ष घरासाठी मात्र दीर्घ प्रतीक्षा करावी लागली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथवासीयांना प्रथमच पात्र मानले गेले आणि पुढील दशकात भायखळ्याची कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात राहायला गेली. मोजणीपासून घरापर्यंतचा हा प्रवास जवळजवळ वीस वर्षांचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००१ मधील आपल्या निबंधात या कार्याचा अभ्यास करताना 'धीराचे राजकारण' अशी कल्पना मांडली, ती याच संदर्भात.

संडासाचा प्रश्न

वस्तीत गेल्यावर स्त्रियांच्या बोलण्यात वारंवार येणारा विषय म्हणजे संडास. सार्वजनिक संडास बांधले जात, परंतु देखभालीअभावी ते लवकरच निकामी होत. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने शहरभर चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधली. त्यांपैकी शंभरांहून अधिक स्पार्क व तिच्या सहकारी संघटनांनी उभारली. अनेक ठिकाणी बांधकामाचे कंत्राट वस्तीतील स्त्रियांनी स्वतः घेतले. त्यानंतर मुंबईतही असे काम झाले.

रचनेतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. स्त्री व पुरुषांचे प्रवेश वेगळे ठेवले. मोठ्यांच्या रांगेत मुलांना मागे ढकलले जाते आणि ती उघड्यावर बसतात, म्हणून मुलांसाठी लहान भांड्यांचे, धरायला दांडी असलेले वेगळे संडास केले. देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबासाठी तेथेच खोली बांधली. कुटुंबासाठी मासिक पास ठेवला आणि त्या पैशांतून साफसफाई व पगार भागविला. उद्घाटनाच्या प्रसंगी 'संडास मेळा' भरविला जाई. ज्या विषयावर बोलण्याची लाज वाटे, त्याच विषयासाठी मंत्री व अधिकारी वस्तीत येऊ लागले.

रुळांलगतची कुटुंबे

या कार्याची सर्वांत मोठी कसोटी रेल्वेमार्गावर लागली. रुळांना खेटून असलेल्या झोपड्यांमुळे उपनगरी गाड्यांना वेग कमी करावा लागे आणि अपघातात झोपडीवासीयांचे बळी जात. २००० सालच्या आरंभी रेल्वेने हार्बर मार्गालगतच्या झोपड्या पाडण्यास सुरुवात केली. तेव्हा महासंघाने जोरदार विरोध केला, परंतु त्याबरोबरच पुनर्वसनाची सिद्धताही दाखविली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाखाली कुटुंबांची मोजणी, गटांची बांधणी, सहकारी गृहनिर्माण संस्थांची स्थापना व स्थलांतर ही कामे लोकांच्या संघटनांनी पार पाडली. सुमारे ६०००० माणसे बळाचा वापर न होता रुळांपासून दूर गेली. अनेकांनी आपली झोपडी स्वतःच्या हातांनी उतरविली.

मर्यादा आणि आक्षेप

या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. त्याच प्रकल्पातील रस्तेबांधणीमुळे विस्थापित झालेल्या दुकानदारांनी व रहिवाशांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. सल्लामसलत अपुरी झाली, उत्पन्नाचे नुकसान झाले, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाच्या अहवालात गंभीर त्रुटी दाखविल्या गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसन या भागांसाठीचे अर्थसाह्य काही काळ थांबविले. पुनर्वसनाच्या अनेक वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर हवा-उजेड पोहोचत नाही. कामाची जागा दूर गेली. उद्वाहक, पाण्याचे पंप व सामायिक दिवे यांचा मासिक खर्च अनेक कुटुंबांना जड जातो.

शासनाबरोबर काम करणाऱ्या संस्थेने लोकांची बाजू कोठवर मांडायची आणि शासनाची जबाबदारी कोठवर अंगावर घ्यायची, हा आक्षेपकांचा प्रश्न रास्त आहे. जेथे रहिवाशांची संघटना आधीपासून रुजलेली होती तेथे पुनर्वसन पुष्कळ सुकर झाले. जेथे ती घाईने, कागदोपत्री बांधली गेली तेथे तक्रारी वाढल्या. लोकसहभाग मागणीनुसार तातडीने उभा करता येत नाही. रोजच्या बचतीसारख्या सवयीतून तो वर्षानुवर्षे घडत जातो.

आजही तोच प्रश्न

१९९६ साली भारत, दक्षिण आफ्रिका व अन्य देशांतील अशा संघटनांनी मिळून झोपडपट्टीवासीयांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे स्थापन केले. भायखळ्याच्या स्त्रियांनी घडविलेली मोजणीची व बचतीची रीत त्यामार्फत आशिया व आफ्रिकेतील अनेक शहरांत पोहोचली.

मुंबईत मात्र प्रश्न मिटलेला नाही. धारावीच्या पुनर्विकासासाठी २०२४ मध्ये घरोघरचे सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा पात्र कोण आणि अपात्र कोण, या वादाने पुन्हा डोके वर काढले. यादीत नाव असणे आणि नसणे यांवर एखाद्या कुटुंबाचा निवारा अवलंबून असतो. म्हणून वस्तीचे भले करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती शासकीय असो, खाजगी असो वा धर्मादाय, आरंभीच स्वतःला विचारावे: ही यादी कोणी केली, ती कोणाच्या भाषेत आहे आणि ज्यांची नावे तिच्यात आहेत त्यांना ती वाचून दाखविली आहे काय? भायखळ्याच्या स्त्रियांनी १९८५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर स्वतःची मोजणी करून दिले. इमारत उभी राहण्यापूर्वी वीस वर्षे त्यांची वस्ती उभी राहिली होती.