विज्ञापना विशेष

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला ‘विज्ञापन’ हा शब्द जरा जड जातो. आपली ती जाहिरात. विज्ञापन म्हटले की प्रयोगशाळेचा वास येतो. पण आजच्या हिंदी वर्तमानपत्रांच्या रकान्यांत हा शब्द येऊन बसला त्याच्या कितीतरी आधी तो याच शहरातून मराठी कागदांवर चढून दक्षिणेत जात होता. नाशिकचे महादेवभट हिंगणे 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला आले, पेशव्यांचे वकील झाले आणि पुढे त्यांच्या मुलांनीही तेच काम केले. असा वकील धन्याला लिहायचा तेव्हा साष्टांग नमस्कारामागून ‘विज्ञापना’ येई. बरोबरीच्या माणसाला ‘विनंती’ पुरे. वरून खाली उतरणारे पत्र मात्र ‘जाणिजे’ म्हणून मोकळे होई.

धातू ‘ज्ञा’, म्हणजे जाणणे. त्याचे प्रयोजक रूप म्हणजे जाणवून देणे. संस्कृत नाटकांत राजा आज्ञापयति आणि सेवक विज्ञापयति. सांगतात दोघेही, फक्त एक वरून सांगतो, दुसरा खालून. हिंदीने विज्ञापन घेतले, त्यातले वाकणे तेवढे गळाले.

जाहिरातीला वाकणे मुळातच ठाऊक नाही. अरबी ‘ज़ाहिर’ म्हणजे उघड, डोळ्यांसमोरचे. जुन्या दिल्लीतला ‘इश्तिहार’ हा शोहरत, मशहूर यांचा सख्खा भाऊ, म्हणजे गाजावाजा आलाच. हे दोन्ही शब्द बोलणाऱ्याकडे बघतात. विज्ञापना वाचणाऱ्याकडे बघते. जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याला एवढा फरक कळला तरी त्याचे निम्मे काम झाले, असे मला वाटते. (‘मजकूर’ही अरबीच, ‘ज़िक्र’च्या कुळातला. उर्दूत त्याचा अर्थ ‘वर उल्लेखिलेला’. आपण वरखालीचा घोळ न घालता सगळ्या लिखाणालाच मजकूर म्हणून टाकले.)

वाचणारा धनी असला की पत्राची बांधणीही बदलते. त्याच्याकडे वेळ नसतो आणि तो वाचायला बांधील नसतो. म्हणून मायना ठरीव, येथील क्षेमकुशल ठरीव, आणि मग एकच शब्द: ‘विशेष’. बातमी तिथून सुरू. धन्याची नजर मायन्यावरून घसरत नेमकी तिथे थांबत असणार. अजूनही ओळखीचे कोणी भेटले की आपण ‘काय विशेष?’ म्हणतो, ते याच पठडीतले. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’: आणखी आहे, पण तुमचा वेळ घेत नाही. सांगून झाल्यावर थांबणे आणि थांबताना थोडी ओढ लावणे, दोन्ही तीन शब्दांत साधते.

गुरुग्रामच्या रस्त्यांवरचे बिल्डरांचे फलक बघा. आजच बुक करा, संधी गमावू नका, त्वरा करा: सगळे आज्ञार्थी. आज्ञापनच ते, वाचणारा नोकर आणि फलक धनी. अशा फलकावरून नजर सरकते ती रहदारीमुळेच असे नाही.

याउलट कित्येक वर्षे रेल्वेने दिल्लीत शिरणाऱ्याला रुळांलगतच्या भिंतींवर एका विवाह जुळवणाऱ्याची रंगवलेली अक्षरे दिसत: ‘रिश्ते ही रिश्ते’, आणि पुढे ‘एक बार मिल तो लें’. जागा अचूक, कारण शहर जवळ आले की गाडी रेंगाळते आणि खिडकीतल्या माणसाला दुसरे काम नसते. त्यातला ‘ही’ दुकान भरलेले दाखवतो. खरी करामत ‘तो’ची. लग्न करा, पैसे भरा, यातले काही नाही. नुसते भेटून तर बघा, आवडले नाही तर उठून जा. मराठीत ‘स्थळेच स्थळे’ करता येईल, तरी ‘रिश्ता’तला नात्याचा ओलावा ‘स्थळा’त उतरत नाही; स्थळ म्हटले की आधी पत्ता आणि पगारच डोळ्यांपुढे येतो. पण ‘भेटून तर बघा’मधला ‘तर’ हिंदीच्या ‘तो’पेक्षा तसूभरही कमी नाही.