पोथीमागून आलेले विद्यापीठ

घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पुस्तके पुरवावीत, हा विचार पत्रद्वारा शिक्षणासोबत आला असे सहसा मानले जाते. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, 1985 मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ उभे राहिले, 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. ही सनावळी खरी आहे. मात्र तिच्यावरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो: दूरस्थ विद्यार्थी हा ग्रंथालयाचा मागाहून आलेला पाहुणा, आणि त्याला मिळेल ती सेवा ही सवलत. इतर विषयांचे काहीही असो, मराठीतल्या धर्माभ्यासाची कुळी तपासली तर क्रम उलटा दिसतो. इथे दूरचा अभ्यासक आधी झाला, त्याच्यापर्यंत ग्रंथ पोचवण्याची रीत त्याच्यासोबतच वाढली, आणि विद्यापीठ कितीतरी शतकांनी आले.

या रीतीचा उगम शोधत गेले की नेवाशाला यावे लागते. प्रवरेकाठच्या या गावात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. लेखनाचे काम सच्चिदानंदबाबांनी केले, ही नोंद ग्रंथाच्या अखेरीसच आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केले असे परंपरा सांगते, तो पैस खांब आजही तिथे आहे. पुढे काय झाले हे माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. नेवाशाला पीठ झाले नाही, पाठशाळा उभी राहिली नाही. सहा वर्षांनी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर ज्याला हा ग्रंथ अभ्यासायचा होता त्याला वक्ता भेटणार नव्हता; भेटणार होती ती नक्कल. लांबट सुटी पाने, वरखाली फळ्या, भोवती रुमाल. ओवीचे आकडे बहुधा तांबड्या शाईत, चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप, गळलेला शब्द समासात. शेवटी नकलकार आपले नाव, शक आणि तिथी घाली, आणि पुष्कळदा पोथी कोणासाठी लिहिली तेही सांगे. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल ठेवू नका, अडाण्याच्या हाती देऊ नका, अशी सूचनाही अनेक पोथ्यांच्या अखेरीस सापडते. ग्रंथालयाच्या नियमावलीचे हे पूर्वरूप आहे असे मी म्हणेन, कारण पोथी परक्या हातात जाणार हे गृहीत धरूनच ते लिहिलेले आहे.

पोथी हिंडली की पाठ बिघडतो. हे पैठणच्या एकनाथांनी ओळखले. त्यांनी प्रती पडताळून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीचे शुद्ध रूप सिद्ध केले आणि यात कोणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद शेवटी जोडली. ग्रंथ पोचवणे हे सेवेचे अर्धे अंग झाले. पोचलेला ग्रंथ कोणत्या प्रतीवरून आला हे सांगणे हे दुसरे. 1845 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली तेव्हा पहिले अंग एकदम बळकट झाले. दुसऱ्याची निकड वि. का. राजवाड्यांनी वाढवली. बीडजवळच्या पाटांगणला मिळालेली, त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत त्यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातली ओव्यांची संख्या वेगळी, शब्दांची रूपे वेगळी. तेव्हापासून गंभीर विद्यार्थ्याला एक ज्ञानेश्वरी पुरत नाही. दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहावे लागतात, आणि ते घरी एकत्र असण्याची शक्यता फार थोडी.

यावर सबळ आक्षेप असा की पोथ्यांची ही दुनिया सर्वांसाठी खुली नव्हती. अक्षरओळख मूठभरांना, मठातला संग्रह शिष्यांपुरता. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच मी जुन्या मठाला आजच्या ग्रंथालयाचा आदर्श म्हणत नाही. दार उघडणे हे विद्यापीठाचे देणे आहे. पण विद्यापीठाने दार उघडले ते परीक्षेचे. 1858 मध्ये लंडन विद्यापीठाने संलग्न कॉलेजात न शिकलेल्यांनाही पदवी परीक्षेला बसू दिले. पुस्तके मिळवणे ज्याचे त्याच्यावर राहिले. त्याच्या दीडशे वर्षे आधी टॉमस ब्रे या इंग्रज पाद्र्याने अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या धर्मोपदेशकांसाठी ग्रंथसंग्रहच जहाजाने धाडले होते. विद्यापीठापासून तुटलेल्या धर्माभ्यासकाला आधी ग्रंथ लागतात हे त्याने जाणले होते. आपल्या मुक्त शिक्षणाने मधला मार्ग काढला आणि स्वयंअध्ययन पुस्तिका घरी पाठवली. ती वाटेची शिदोरी म्हणून चांगली आहे. पण पुस्तिका एका लेखकमंडळाचे विवेचन देते, तर धर्माच्या अभ्यासात मूळ संहिता, भाष्य आणि त्यांवरचे वाद समोरासमोर यावे लागतात.

सगळे मोबाइलवर मिळते, मग ग्रंथालय कशाला, असेही विचारले जाते. ज्ञानेश्वरी मिळते, हे खरे. कोणती मिळते? मुखपृष्ठ नसलेले स्कॅन किंवा कोणीतरी टंकलेल्या ओव्या हाती येतात आणि पाठ साखरे महाराजांच्या आवृत्तीतला की राजवाड्यांच्या, याचा पत्ता नसतो. एकनाथांपुढची अडचण आज पुन्हा उभी आहे, आणि ती सोडवू शकेल असा माणूस ग्रंथपालच. गुरुमुखाशिवाय धर्म कळत नाही, हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. पण 1917 मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा गुरुमुखासमोर ग्रंथही उघडा होताच.

तेव्हा मागणी साधी आहे. नेवाशाहून अहिल्यानगर सुमारे 60 किलोमीटर, तिथून पुणे आणखी 120. नेवाशात बसून भक्तियोगावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे बाराव्या अध्यायाचे दोन्ही पाठ मागितले, तर कायद्यात बसेल तेवढी पाने आवृत्तीच्या मुखपृष्ठासह स्कॅन होऊन तिला मिळावीत; जे पुस्तक स्कॅन करता येत नाही ते टपालाने यावे किंवा आंतरग्रंथालय देवघेवीतून तालुक्याच्या कॉलेजात पोचावे; आणि कोणता पाठ कशासाठी वापरावा हे विचारायला एक ठरलेला ग्रंथपाल फोनवर असावा. खर्चाचे काय, असे कोणी म्हणेल. टपालहशील आणि एका माणसाचा वेळ एवढाच तो खर्च आहे, आणि शुल्क तर तिनेही भरलेलेच आहे.