कुर्ल्याची फियाट : स्वदेशी गाडी नेमकी कोणाची?



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी मोटारींवर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण गाडीचा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो : महाराज, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा दर वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? आज हाच प्रश्न आपण कुर्ल्यात बनलेल्या फियाटला विचारू. आराखडा इटलीचा, भांडवल इथलं, राबणारे हात इथले. मग ती गाडी कोणाची?

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून करायला हवी. जन्म 1882, सोलापूरचा. 1919 मध्ये सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ जहाजानं मुंबईहून लंडनचा प्रवास केला, त्यामागे ते होते. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, त्यामागेही तेच. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनल्याच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मोटारीचं स्वप्न त्यांचं एकट्याचं नव्हतं. सर विश्वेश्वरय्या तिसाव्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्यासाठी झटत होते आणि बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ त्याला अनुकूल होतं. पण 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली, आणि इंग्रज सरकारनं हात आखडता घेतला. तरीही वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षं आधीची, 1942 ची.

आता इथे थोडं थांबू. मुंबईत तेव्हा गाड्या तयार होत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्स 1928 पासून इथे गाड्या जोडत होती. जोडत होती, बनवत नव्हती! परदेशातून पेट्या यायच्या, त्यातले सुटे भाग इथे एकमेकांना बसवायचे, रंग द्यायचा, झाली गाडी. कुर्ल्यातही सुरुवात अशीच झाली. जोडणं आणि बनवणं यांतला हा फरक नुसता शब्दांचा नाही. जोडणाऱ्याला ‘कसं’ कळतं, बनवणाऱ्याला ‘का’ कळायला लागतं.

1953 साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं हाच फरक धोरणात आणला. ज्यांच्याकडे इथेच टप्प्याटप्प्यानं गाडी बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. राहिल्या त्यांना संरक्षण मिळालं. प्रीमियरनं फियाटची 1100 घेतली आणि वर्षागणिक इथल्या भागांचं प्रमाण वाढवत नेलं. त्यातून आजूबाजूला स्प्रिंगा, रेडिएटर, पिस्टन, गॅस्केट बनवणारे लहान-मोठे कारखाने वाढले. आज भारतातून सुटे भाग जगभर जातात. त्यांची मुळं या काळात आहेत, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. 1951 च्या औद्योगिक कायद्यानं गाड्या किती बनवायच्या यावर परवान्याची मर्यादा आली. मोटार ही चैन ठरली, तिच्यासाठी परकीय चलन मिळेना. पुढे किमतीवरही नियंत्रण आलं. गाडीची रास्त किंमत किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, एवढीच निवड. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनीसुद्धा फियाट घेतली ती बँकेचं कर्ज काढून, आणि त्यांच्यामागे ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट आपण साधेपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मोटार सामान्य माणसापासून किती दूर होती, हेही तीच गोष्ट सांगते.

सत्तरच्या दशकात फियाटशी करार संपला, गाडीचं नाव ‘पद्मिनी’ झालं. नाव बदललं, गाडी तीच! तेच 1089 सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगजवळचा गिअर. इटलीत ते मॉडेल कधीच मागे पडलं होतं. कुर्ल्याच्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती का? होती. पण बनेल ती गाडी विकली जाणारच, दोष काढणाऱ्याला दुसरीकडे जायला जागा नाही, आणि जास्त बनवायची परवानगी नाही. मग बदलायचं कशासाठी? डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि उत्तर मिळालं. मारुतीलाही सरकारचाच आधार होता, सुझुकीचं तंत्र होतं. फरक एवढाच की तिच्यामुळे गिऱ्हाइकाला तुलना करता आली. पद्मिनी आणखी काही वर्षं निघत राहिली, पण विसाव्या शतकाबरोबर तिचंही उत्पादन सरलं.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी मात्र तिला सोडलं नाही. डिकी मोठी, पत्रा जाड, आणि कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री ती उघडून दुरुस्त करू शके. पार्ट झिजला की बदलायचा, इंजिनाला सीएनजी बसवायचा. मूळ गाडीतलं किती उरलं, हे नागसेनालाच विचारावं लागेल! शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. आमचं म्हणणं असं की त्या गाडीचं खरं ज्ञान कारखान्याच्या दप्तरापेक्षा त्या मिस्त्र्यांच्या हातात जास्त होतं, आणि ते कोणी लिहून ठेवलं नाही. हळहळायचंच तर त्यासाठी हळहळावं.

हे सगळं आज का उगाळायचं? कारण प्रश्न पुन्हा दारात आला आहे. जुलै 2025 मध्ये टेस्लाचं दुकान वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे जुन्या प्रीमियरच्या शेजारीच, उघडलं. गाडी आयात केलेली, किंमत तेव्हा साठ लाखांच्या घरात, कारण आयातशुल्क जबर. दुसरीकडे मार्च 2024 चं सरकारी धोरण सांगत होतं की 4,150 कोटी रुपये गुंतवा, तीन वर्षांत इथे विजेची गाडी बनवायला लागा, मग ठराविक गाड्यांवर शुल्क 15 टक्के. ऐकलंत ना? 1953 चीच भाषा, थोडी मऊ झालेली.

आमचं मत थोडक्यात सांगतो. संरक्षण वाईट नाही, बेमुदत संरक्षण वाईट. लहान मुलाला पांगुळगाडा देतात, तो चालायला लागावा म्हणून. चाळीस वर्षं पांगुळगाडा दिला तर पाय तयार होत नाहीत, आणि मग आपण मुलाला बोल लावतो. विजेच्या गाडीत बॅटरीचे सेल बाहेरून आणले आणि पत्रा इथे ठोकला, तर ती पुन्हा पेटीतून आलेली गाडीच झाली. नागसेनाच्या प्रश्नाला आमच्यापुरतं उत्तर असं : गाडी आसात नाही, चाकात नाही, तिच्यावरच्या नावात तर नाहीच. जो समाज ती उघडून, समजून, उद्या वेगळी करू शकतो, त्याची ती गाडी. या कसोटीवर पद्मिनी निम्मी आपली झाली होती. उरलेली निम्मी होऊ दिली नाही, ती आपणच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.