कराओके : तरुणींसाठी जपानी गाण्यांची निवड

कराओके : ध्वनिमुद्रित वाद्यसंगतीवर, पडद्यावरचे शब्द वाचत गाण्याचा जपानी प्रकार. दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कोबे येथे त्याचे यंत्र तयार केले. कराओकेत वाद्यांची साथ यंत्र करते. तरुणींसाठी गाणे निवडताना आवाजाचा पल्ला, लय आणि शब्दांची ओळख पाहावी लागते. ओकिनावाच्या दोन तरुणींच्या ‘किरोरो’ या गटाचे ‘मिराई ए’ (१९९८) संथ असल्याने नवशिक्या गायिकेला सोपे जाते. हिकारू उतादा यांच्या ‘फर्स्ट लव्ह’च्या (१९९९) ध्रुवपदात मात्र स्वर बराच वर चढतो. तो पेलत नसल्यास यंत्रावर पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली आणता येते.