तळटीप : ‘पोसादा’
‘पोसादा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ वाटसरूंच्या मुक्कामाची लहानशी सराई असा असला, तरी मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्रींच्या उत्सवासही, ज्याची परंपरा सोळाव्या शतकातील अकोल्मानच्या ऑगस्टिनी मठापासून सांगितली जाते, तेच नाव रूढ आहे. गर्भवती मरीया व योसेफ यांना बेथलेहेमात आसरा नाकारला गेला, त्याची ही स्मृती. अर्धी मंडळी मेणबत्त्या घेऊन बंद दारापुढे गाऊन उतारा मागतात, आतली गाऊनच नकार देतात. आणि अखेर दार उघडले, की पेरू, ऊस व दालचिनी घालून उकळलेले ऊन पेय सर्वांच्या हाती येते. म्हणून ‘आम्हांस पोसादा मिळाली’ या लेखकाच्या वाक्याचा अर्थ केवळ खोली मिळाली एवढाच घेऊ नये; हॉटेलच्या मालकिणीने त्यांनाही त्या रात्री अंगणाबाहेर मेणबत्तीसह उभे करून मगच आत घेतले होते.